गाडी न थांबणारं ठेसन

आमगाव सोडून सालेकशाकडं निघालं की धानाच्या बांध्यांमध्ये एक बसकी, पिवळट इमारत दिसते न दिसते तोच मागं पडते. ते आमच्या बेहडीटोल्याचं ठेसन. खरं म्हणजे साधा हॉल्ट. तिकिटाची एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, मुरूम टाकून केलेला फलाट आणि रुळांकडं तोंड करून एक सिमेंटचं बाकडं. गावातल्या लोकांचं त्याच्याशी कामापुरतं नातं होतं. आमगावच्या बाजाराला किंवा गोंदियाच्या दवाखान्यात जायचं असलं की गाडीच्या वेळेवर निघायचं, गाडी आली की चढायचं. तिथं उगाच जाऊन बसणारी एकच बाई होती, धुरपताबाई.

तिचं घर आमच्या घराला लागून. दुपारची भांडी घासून झाली की ती हातपाय धुवायची, डोईवरचा पदर सारखा करायची, दाराला कडी लावायची आणि रुळांच्या दिशेनं चालू लागायची. चारची दुर्गला जाणारी लोकल निघून गेली की परत यायची. आम्हाला वाटायचं, घरात एकटीला करमत नसेल. नवरा, हिरालालभाऊ, धानकापणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरच छातीत कळ येऊन गेले होते. मुलगा भूपेंद्र पुण्याकडं चाकणला कंपनीत. धानाच्या बांध्या गावातल्याच बकारामला ठेक्यानं दिलेल्या. एवढं कारण पुरेसं होतं, म्हणून आणखी कोणी काही विचारलं नाही. पुढचं सगळं कळलं ते बकारामच्या मुलीमुळं, टीनामुळं. थोडं धुरपताबाईनं स्वतः सांगितलं.

धुरपताबाई मूळची इथली नव्हे. तिचं माहेर डोंगरगडच्याही पलीकडं, छत्तीसगडात. लग्न होऊन ती याच लाईननं आली. दरेकशाचा बोगदा लागला तेव्हा डब्यात अंधार झाला आणि सोबतच्या बाया गाणं म्हणता म्हणता गप्प झाल्या. बोगद्याच्या अलीकडं आल्यावर धान तेच होतं, मातीच्या भिंतींची घरंही तशीच होती. फक्त फलाटावरच्या माणसांचं बोलणं तिला कळेना. सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी जावेनं तिला कसलं तरी काम सांगितलं. ते तिला येत नव्हतं. ती म्हणाली, "मोला नइ आवय." अख्खं अंगण हसलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण पोरांना खेळ मिळाला. ती पाण्याला निघाली की गल्लीतली पोरं मागून "मोला, मोला" करत यायची.

मग तिनं तोंडच मिटलं. वर्षभर ती नुसती ऐकत राहिली, आणि बोलायला लागली ती आमची झाडीबोली, अगदी आमच्यासारखी. भूपेंद्र झाला तोवर ती बाहेरची आहे हे गाव विसरूनही गेलं. लेकराच्या डोक्यात घोळ नको म्हणून सासूनं बजावलं होतं, त्यामुळं भूपेंद्रशीही ती तिकडचं काही बोलली नाही. हिरालालभाऊंना मात्र तिच्या बोलीतले दोन-चार शब्द येत. तेही मोडके. रोवणीच्या वेळी चिखलात उभं राहून ते मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलत आणि ती हसून दुरुस्त करी. बांधीत दोघंच असले तरच.

आईवडील गेले, भाऊ गेले. भाचे रायपूरला राहायला गेले आणि फोनवर हिंदी बोलू लागले. हिरालालभाऊ गेल्यावर एक दिवस चुलीपुढं बसली असता तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनातही इथलीच बोली बोलतो आहोत. ती मला म्हणाली, "मले भेव वाटला. नवरा गेला तेव्हा जेवढा नोहोता वाटला तेवढा."

भूपेंद्र बापाचं सगळं आटोपून पुण्याला परत निघाला, त्याला गाडीत बसवून द्यायला ती ठेसनावर गेली होती. गोंदियाकडची गाडी त्याला घेऊन गेली. ती तशीच उभी होती. बाकड्यावर एक वाळकी, उंच बाई बसली होती. शेजारी छिंदीच्या पानांच्या फड्यांचा, न विकल्या गेलेल्या झाडूंचा भारा. बाई बोटानं दातांना तंबाखूचा गुडाखू घासत होती. थुंकून तोंड मोकळं केलं आणि ओळख ना पाळख, तिनं विचारलं, "का साग रांधे हस, बहिनी?"

आज कोणती भाजी रांधलीस, असा त्याचा अर्थ. बोगद्यापलीकडं ख्यालीखुशाली अशीच विचारतात. त्या दिवशी धुरपताबाईनं घरी काहीच रांधलं नव्हतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "चेंच भाजी." लहानपणी आईच्या हातची खाल्लेली भाजी. मग ती बाकड्यावर बसली.

त्या बाईचं नाव फिरंतीन. कोलिहापारा नावाच्या गावची. सकाळच्या लोकलनं यायची, डोक्यावर भारा घेऊन आमच्याकडची चार-सहा गावं पालथी घालायची आणि दुपारी परतीच्या गाडीसाठी ठेसनावर येऊन बसायची. ती सगळ्यांशी आपल्याच बोलीत बोलायची, समोरच्याला कळो न कळो. आमच्या बायांना ती भांडखोर वाटायची. भाव करताना ती ऐकायची नाही, आणि रागावली की काय बोलते ते समजायचं नाही.

सात-आठ वर्षं हे चाललं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा फिरंतीन यायची. न येण्याच्या दिवशीही धुरपताबाई जाऊन बसायची, कारण कोणता दिवस येण्याचा हे ठरलेलं नव्हतं. दोघी काय बोलायच्या असं मी तिला विचारलं, तर तिला नीट सांगता आलं नाही. सुनांबद्दल, सुकटीबद्दल, गुडघ्यांबद्दल, तलावातल्या मासोळ्यांबद्दल. एकमेकींच्या घरी त्या कधी गेल्या नाहीत. घरी चल असं धुरपताबाईनं एक-दोनदा म्हटलं, तर फिरंतीन म्हणाली की गाडी चुकेल. हेही खरं की फडे विकणाऱ्या बाईला घरात बोलावून तिच्याशी त्या बोलीत बोलायचं, भिंतीपलीकडं आम्ही ऐकायचं, हे धुरपताबाईलाच नको होतं. ठेसन गावापासून थोडं दूर होतं, ते बरं होतं.

मग ती बिमारी आली. गाड्या बंद झाल्या. सगळं थांबलं तसं हेही थांबलं, आणि बाकीच्यांसारखी तीही वाट पाहत राहिली. पुढं गाड्या सुरू झाल्या, पण लहान हॉल्टवरचे थांबे काही परत आले नाहीत. बेहडीटोल्याचाही गेला. तिकिटाची खोली बंद झाली. लोकांनी थोडे दिवस कुरकुर केली, आमगावला निवेदन दिलं, मग ऑटोची सवय करून घेतली.

धुरपताबाई मात्र जात राहिली. एखाद्या दिवशी थांबेल, असं तिला वाटायचं. चारची लोकल भोंगा वाजवत न थांबता निघून जायची. ती उभी राहून खिडक्यांकडं पाहायची. गाडीच्या त्या वेगात एकही चेहरा पुरता दिसत नसे. एकदा तिला वाटलं, दारात उभी असलेली बाई फिरंतीन आहे. हात वर करेपर्यंत डबा निघून गेला होता. फिरंतीनकडं मोबाईल नव्हता. धुरपताबाईजवळ होता, पण त्यातून फक्त भूपेंद्रचा फोन घेता यायचा.

काही महिन्यांनी तिनं जाणं सोडलं. तोवर ठेसनावर बकऱ्या बसायला लागल्या होत्या. खोलीचं दार कोणीतरी काढून नेलं. पडवीत पत्ते खेळणारे आणि त्यांच्या बाटल्या. संध्याकाळनंतर बायामाणसांनी तिकडं जाऊ नये असं झालं.

टीना तेव्हा नागपूरला घरं-इमारती आखायचं शिक्षण पुरं करून एका संस्थेत लागली होती. पडीक पडलेल्या जुन्या सरकारी इमारती गावांच्या उपयोगी आणायच्या, असं त्या संस्थेचं काम. टीनानं आपल्याच गावचं ठेसन सुचवलं. परवानग्यांसाठी ती दीड-दोन वर्षं गोंदिया, नागपूर करत राहिली. सरपंच दुर्गाप्रसाद आधी हसला होता. नंतर त्यानंच ग्रामपंचायतीचा ठराव करून दिला. गाडी नाही तर नाही, माणसं तरी थांबतील, असं टीना सगळ्यांना सांगायची.

तिनं मंदिरापुढच्या मांडवात सभा घेतली आणि तिथं काय हवं ते लोकांना विचारलं. पोरांना कॅरम आणि परीक्षांची पुस्तकं हवी होती. बचत गटाच्या बायांना डाळ निवडायला, पाकिटं भरायला पक्की जागा हवी होती. म्हाताऱ्यांना भजनासाठी ओटा पाहिजे होता, दुर्गाप्रसादला मोठा टीव्ही. धुरपताबाई मागं बसली होती. ती सभा संपायच्या आधीच उठून गेली.

टीनाच्या ते लक्षात राहिलं. हिरालालभाऊंना बकाराम मोठा भाऊ मानायचा, म्हणून टीना तिला मोठीमाय म्हणते. दुसऱ्या दिवशी ती धुरपताबाईच्या ओसरीवर आली. भिंत पडकी असल्यानं आम्हालाही ऐकू येत होतं.

"मोठीमाय, तू तं रोज जात होती ठेसनावर. तुले का पायजे तथी?"

"गाडी थांबव."

"ते माह्या हातात नाई."

"मंग तुह्या हातात का आहे?"

"बसाची जागा चांगली करनं."

"बसाले माही ओसरी आहे वं," धुरपताबाई म्हणाली.

दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. टीना बसून राहिली. तिनं विचारलं, "मंग तू रोज कायले जायची?"

"बोलाले."

"कोनासंग?"

तेव्हा तिनं सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गावातल्या कोणाला तरी. टीनानं विचारलं की मग तू कोलिहापाऱ्याला गेली का नाहीस, आमगावातून तर लोकल आहेच. धुरपताबाईनं बरीच कारणं दिली. सोबत नाही, रस्ता माहीत नाही, न बोलावता कोणाच्या घरी कसं जायचं. शेवटी म्हणाली की नाही गेलं तर ती तिकडं आहे असं तरी वाटत राहतं.

तरी त्या गेल्या. पंधरा दिवसांनी एका सकाळी टीना स्कूटी घेऊन आली, आणि धुरपताबाई नवं लुगडं नेसून, मुरमुऱ्याचे लाडू बांधून मागं बसली. आमगावला लोकल पकडली. बेहडीटोला आलं तेव्हा गाडीचा वेग जराही कमी झाला नाही. टीना सांगते, बोगदा पार होईपर्यंत मोठीमाय एक शब्द बोलली नाही. डोंगरगडला उतरल्यावर तिनं स्वतःच ऑटोवाल्याला रस्ता विचारला, आणि टीना पाहतच राहिली. तो आवाजच वेगळा होता. वरच्या पट्टीतला, भराभर चालणारा. ऑटोवाल्यानं भाडं जास्त सांगितलं तेव्हा ती त्याला असं काही बोलली की तो हसायला लागला आणि कमी भाड्यात तयार झाला.

कोलिहापाऱ्यात फिरंतीनचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात सून धान वाळवत होती. तिनं हात पुसले आणि त्यांना आत नेलं.

फिरंतीन खाटेवर होती. बिमारीच्या दुसऱ्या वर्षी तिला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. सून म्हणाली की ओळखते सगळ्यांना, बोलता तेवढं येत नाही. धुरपताबाई खाटेजवळ खाली बसली. फिरंतीननं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग डावा हात उचलून तिच्या तोंडाकडं नेला, जणू बोल, असं सांगत होती.

धुरपताबाई बोलली. दुपार कलेपर्यंत बोलली. दोघींच्या वाटचं एकटीनं बोलली. थांबा कसा गेला, बाकड्यावर बकऱ्या कशा बसतात, हिरालालभाऊ कशी मोडकी बोली बोलत, पुण्याची सून चपात्या कशा करते. मधेमधे तीच विचारायची आणि फिरंतीनच्या वतीनं तीच उत्तर द्यायची. सून आणि शेजारणी दारात उभ्या राहून हसत होत्या. फिरंतीनच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, पण सून म्हणाली की ते तसं नेहमीच गळतं, त्यावरून काही समजू नका. निघताना टीनानं आपला नंबर सुनेजवळ देऊन ठेवला.

परतीच्या गाडीत धुरपताबाई बोगदा संपल्यावरही तिकडच्याच बोलीत बोलत होती. सालेकशाला एक ओळखीचा माणूस डब्यात चढला आणि तिला पाहून म्हणाला, कोठी गेली होती वं? ती वाक्याच्या मध्येच थांबली आणि त्याला झाडीबोलीत म्हणाली, सोयऱ्याकडं. टीनानं मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की एखाद्या घराचा दिवा मालवावा तसं वाटलं.

काम सुरू झालं तेव्हा बाकड्याचा प्रश्न आला. टीनाच्या आराखड्यात सगळ्या बसायच्या जागा आतल्या अंगणाकडं तोंड करून होत्या. गाडी थांबणार नव्हती, शिवाय लेकरं येणार म्हणून रुळांच्या बाजूला जाळीचं कुंपण घालायचं होतं. जुनं बाकडं कुंपणाच्या आड येत होतं. टीनाला वाटलं, मोठीमायसाठी ते तसंच ठेवावं, कुंपण थोडं वळवून घेता येईल. तिनं येऊन विचारलं.

"फोडून टाक," धुरपताबाई म्हणाली.

"राहू देऊ ना. तुही आठवन राहील."

"माही आठवन माह्याजवर आहे. तथी एकटीनं बसून मी का करू?"

बाकडं फुटलं त्या दिवशी ती पाहायला गेली नाही. आता तिथं पाण्याचा नळ आहे.

ठेसन खरंच सुंदर झालं. भिंती चुन्यानं पांढऱ्या, खाली गेरूचा पट्टा. पडवी पुढं वाढवून कौलारू केली. तिकिटाच्या खोलीत पुस्तकं आणि मोबाईल चार्ज करायची जागा. मागच्या बाजूला बचत गटासाठी मोठी खोली, फरशीची. मधल्या करंजाच्या झाडाभोवती गोल ओटा. बेहडीटोला लिहिलेली पिवळी पाटी टीनानं काढू दिली नाही, रंग देऊन तशीच ठेवली. उद्घाटनाला आमगावहून पाहुणे आले, पेढे वाटले. पत्ते खेळणारे गेले नाहीत. ते एका कोपऱ्यात सरकले आणि बाटल्या बंद झाल्या. संध्याकाळी तिथं गावातलं कोणी ना कोणी असतंच. सुना घरचं लवकर आवरून तिकडं जातात. आमच्या घरातलीही माणसं जातात. त्यामुळं एक झालं, आमच्या गल्लीच्या ओसऱ्या रिकाम्या पडल्या. आधी संध्याकाळी धुरपताबाईच्या ओसरीवर बाया येता-जाता टेकायच्या. आता त्या ठेसनावरच भेटतात.

म्हणून तीही जाऊ लागली. बचत गटाची सुशीलाबाई तिच्याच वयाची. ती तिला सूप द्यायची आणि लाखोरीची डाळ निवडायला बसवायची. धुरपताबाई हात चालवायची, विचारलं तेवढं बोलायची. चारची लोकल कुंपणापलीकडून धडधडत गेली की बाया बोलणं थांबवायच्या, कारण ऐकूच येत नसे, आणि गाडी गेली की तिथून पुढं बोलायला लागायच्या.

गेल्या उन्हाळ्यात टीनाचा नागपूरहून फोन आला. कोलिहापाऱ्याहून सुनेनं कळवलं होतं. फिरंतीन गेली. चार दिवस झाले होते.

धुरपताबाई घरात थोडा वेळ बसली. ती माझ्याजवळ म्हणाली की का करावं तेच समजत नव्हतं. नात्यातली नव्हती, तर सुतक कसलं. आंघोळ करावी की नाही. कोणाला सांगावं तर कोणाची कोण म्हणून सांगावं. शेवटी ती ठेसनावर गेली आणि बायांमध्ये बसली. सूप पुढं आलं, तिनं हात लावला नाही.

"का झालं वं, धुरपता?" सुशीलाबाईनं विचारलं.

"माही मैतरीन मेली."

"कोन?"

"फिरंतीन. फडे विकाले येत जाय ते."

बायांना आठवलं. जवळजवळ प्रत्येकीनं तिच्याकडून कधी ना कधी झाडू घेतला होता. सुशीलाबाई म्हणाली, ती लगित भांडकुदळ होती, एकदा माझ्या हातातला फडा ओढून घेऊन गेली होती. धुरपताबाई म्हणाली, होती तशी. मग एका नव्या सुनेनं विचारलं की ती तुमची मैत्रीण कशी झाली.

"ते माह्या बोलीची होती."

जुन्या बायांना आत्ता कुठं आठवलं. नव्यांना तर माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं, ती कशी बोलायची, थोडं बोलून दाखवा ना. चारच्या लोकलला उशीर झाला की फिरंतीन नेहमी जे म्हणायची ते धुरपताबाईनं फिरंतीनच्याच आवाजात म्हटलं, "ए गाडी ह मोर डउका असन आय, आहूं कहिथे अउ आवय नइ." आणि अर्थ सांगितला की ही गाडी माझ्या नवऱ्यासारखी आहे, येते म्हणते आणि येत नाही.

बाया पोट धरून हसल्या. धुरपताबाईही हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले, आणि त्यांना वाटलं, हसूनच पाणी आलं. त्या विनोदाला हसत आहेत की बोलीला, हे तिला कळलं नाही. तिनं मला विचारलंही, तुले का वाटते? मी त्या दिवशी तिथं नव्हते.

त्यानंतर थोडे दिवस रोज कोणी ना कोणी तिला ती बोली बोलायला सांगू लागलं. पाण्याला काय म्हणता, नवऱ्याला काय म्हणता, शिवी कशी देता. लेकरंसुद्धा यायची. सगळ्यांना मनापासून गंमत वाटत होती आणि कोणी तिला टोचून बोलत नव्हतं. तिनं आधी सांगितलं, मग कमी सांगितलं, मग विसरले म्हणाली. मी तिला म्हटलं, एवढ्या बाया विचारतात, बरं नाही का? ती म्हणाली, "ते माह्यासंग नाई बोलून राहिल्या. माह्याकडून बोलवून घेऊन राहिल्या." थोड्या वेळानं म्हणाली, "त्याईचा दोष नाई. त्याईले येतच नाई तं का बोलतील?"

आता ती आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी ठेसनावर जाते. डाळ निवडते, भजन असलं तर मागं बसते. घरी असते तेव्हा कधीकधी भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो. आधी मला वाटायचं फोनवर बोलते. तसं नाही. स्वयंपाक करताना ती दोन आवाजांत बोलते, एक तिचा आणि एक जरा घोगरा. मला कळत नाही, पण मी ऐकते. आपण ऐकतो हे तिला कळू नये म्हणून तेवढा वेळ भांडी वाजवत नाही.

दिवाळीत भूपेंद्र आला. सोबत त्याची मुलगी गुंजन होती. बाप गेल्यापासून तो दर दिवाळीला तेच म्हणायचा, आई, घराला कुलूप लाव आणि पुण्याला चल, इथं एकटी काय करतेस. आणि ती दर वेळी काहीतरी सबब सांगायची. या वेळी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती त्या दोघांना ठेसन दाखवायला घेऊन गेली. पडवीभर पणत्या लावल्या होत्या. करंजाच्या ओट्यावर म्हातारे, खोलीत पोरं, मागं बचत गटाच्या बाया. सुशीलाबाईनं गुंजनच्या हातात करंजी ठेवली आणि धुरपताबाईला बसायला जागा केली. भूपेंद्रनं मोबाईलवर फोटो काढले. तो गोंदियातल्या कोणत्याच मॉलमध्ये एवढं चांगलं बसायला नाही म्हणाला, आणि दुर्गाप्रसादचा हात हातात घेऊन त्याचं कौतुक केलं.

परत येताना तो म्हणाला, "आई, आता तं तुले चांगलं करमत असन."

"करमते," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ते दोघं आमगावला जायला ऑटोत बसले. भूपेंद्रनं पाया पडून तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं, औषधं वेळेवर घे म्हणाला, आणि ऑटो निघाला. पुण्याला चल असं या वेळी तो म्हणाला नाही. मी दारातच उभी होते. धुरपताबाई ऑटो वळेपर्यंत उभी राहिली आणि मग माझ्याकडं पाहून म्हणाली की त्याच्या जिवाचा घोर गेला, बरं झालं. जायचं तर तिला कधीच नव्हतं. पण दर दिवाळीला तो विचारायचा.